दुकान परमुलखात, सातबारा गावाकडं : भांडवल उभं करताना

सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातले माण, खटाव हा सगळा दुष्काळी पट्टा. इथल्या माणसांनी सोनं-चांदी गाळण्याचा धंदा हाती धरला आणि तो घेऊन ती केरळपासून पंजाबपर्यंत पसरली. कोची, कोइमतूर किंवा कानपूरच्या सराफ गल्लीतला एखादा अरुंद जिना चढून गेलं, की भट्टीपाशी विट्याकडची मराठी हमखास कानावर पडते. हा लेख अशा गलाईवाल्यांसाठी आहे. त्यातही, मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात काम शिकलेल्या आणि आता स्वतःचं दुकान टाकायला निघालेल्या पोरांसाठी जास्त.

कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही कुठंच परके नाही. देशात कुठंही राहण्याचा आणि धंदा करण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमानं दिला आहे. पण कर्जासाठी बँकेत गेलात की अडचण सुरू होते. आधारवर पत्ता लेंगऱ्याचा, मत खानापूर तालुक्यात, जमीन गावाकडं आणि दुकान भाड्याचं, तेही अकरा महिन्यांच्या करारावर. समोरच्या अधिकाऱ्याला दिसतो तो उद्या गाशा गुंडाळून निघून जाऊ शकेल असा माणूस. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर कागद आहेत, तुमच्या घराण्याचा लौकिक नाही.

आजवर हा लौकिकच भांडवल होता. सातवी-दहावी झालेलं पोर नात्यातल्या शेठकडं जायचं, काही वर्षं भट्टीपुढं राबायचं, टंच ओळखायला शिकायचं, आणि मग शेठच त्याला दुसऱ्या गावात दुकान टाकून द्यायचा. पैसा नात्यातून यायचा, जामीन गावाचा असायचा. या व्यवस्थेनं हजारो घरं उभी केली, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण २०२५ मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या पार गेला आणि तेवढाच माल हाताळायला लागणारी रक्कम कुठल्या कुठं गेली. त्यात टंच काढायचं यंत्र आलं, धुराची सोय आली, दुकानाचं डिपॉझिट आलं. एका मामाच्या खिशाला हे आता झेपत नाही. बँकेकडं जावंच लागणार आहे, तर तयारी आधीपासून हवी. कर्जाचा अर्ज करायच्या निदान दोन वर्षं आधी दुकानाच्या गावात कागदोपत्री उभे राहा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

सुरुवात पत्त्यापासून. आधारवर गावचा पत्ता असला म्हणून दुकानाच्या गावात खातं उघडत नाही, हा गैरसमज आहे. आधारनं ई-केवायसी झाली असेल, तर सध्याचा पत्ता वेगळा आहे असं स्वतःच्या सहीचं निवेदन देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. काउंटरवरच्या माणसाला हे ठाऊक नसेल तर शांतपणे शाखाधिकाऱ्याला भेटा. आता आधारवरचा पत्ताच बदलावा का? अनेकांना भीती असते की पत्ता बदलला की गावचा हक्क गेला. तसं काही नाही. सातबाऱ्यावरचं नाव आधारच्या पत्त्यावर ठरत नाही, मतदार यादीतलं नावही आपोआप हलत नाही. पण चार-पाच वर्षांत परत येऊन विट्यात किंवा वडूजला काही सुरू करायचा बेत असेल तर पत्ता गावचाच ठेवा. महाराष्ट्र सरकारच्या योजनांना अधिवासाचे कागद लागतात. तिकडंच कायम राहणार असाल तर मात्र बदलून टाका.

दुसरा कागद भाडेकराराचा. अकरा महिन्यांचा नोटरी केलेला करार हा आपल्या लोकांचा जुना प्रकार. त्यात मालकाचा फायदा असतो आणि तुमचा तोटा. बँक पाच वर्षांचं कर्ज देणार, आणि दुकानावरचा तुमचा हक्क अकरा महिन्यांचा, हे गणित कुठल्याच अधिकाऱ्याच्या गळी उतरत नाही. मालकाशी बोलून निदान तीन वर्षांचा करार करा. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार नोंदवावाच लागतो, त्याचं मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च स्वतः सोसायची तयारी ठेवा. मालक भाडं रोखीनं मागत असेल तर थोडं वाढवून द्या, पण खात्यावरच भरा. दोन वर्षं न चुकता खात्यातून गेलेलं भाडं ही तुमची सगळ्यात स्वस्त शिफारस.

मग उद्यम नोंदणी. ती फुकट आहे. हजार-दोन हजार घेऊन करून देणारे एजंट गल्लोगल्ली बसलेत, त्यांच्या नादी लागू नका. जीएसटीची नोंदणी राज्यागणिक वेगळी लागते, म्हणजे कोइमतूरला एक आणि कोचीला दुसरं दुकान असेल तर दोन क्रमांक. उद्यम नोंदणीचं तसं नाही. एकाच क्रमांकाखाली सगळ्या राज्यांतली दुकानं दाखवता येतात. ज्यांचा धंदा अगदी लहान आहे आणि जीएसटीच्या कक्षेत येत नाही, त्यांच्यासाठी जानेवारी २०२३ पासून उद्यम असिस्टची सोय आहे, ती बँकेमार्फत होते. याशिवाय त्या राज्याचा दुकाने-आस्थापनांचा दाखला आणि पालिकेचा परवाना. आणि जिथं तेजाब उकळतं तिथं प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. या शेवटच्या कागदाकडं आपल्या लोकांनी फार दुर्लक्ष केलं आहे. शेजाऱ्याची धुराची एक तक्रार आली आणि संमती नसली, की दुकान बंद होतं. हप्ता मात्र चालूच राहतो.

आता कर्ज. दुकानाचं सामान आणि सुरुवातीचा खर्च यांसाठी मुद्रा योजनेचा रस्ता सरळ आहे. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत. तरुण गटाचं कर्ज नीट फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंत वाढीव कर्जाची सोय झाली आहे. ही केंद्राची योजना असल्यामुळं तुम्ही मूळचे कुठले याला महत्त्व नाही, दुकान ज्या शाखेच्या हद्दीत आहे तिथं अर्ज करायचा. तारण लागत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना २०१० पासून होती, आणि एप्रिल २०२६ पासून ही मर्यादा २० लाख झाली आहे. तरी 'इथला जमीनदार जामीनदार आणा' असं ऐकायला मिळतं. अशा वेळी हमी योजनेखाली प्रकरण करा असं म्हणा. सीजीटीएमएसई हे तिचं नाव. बँकेला ती पक्की माहीत असते, फक्त तुमच्याकडून नाव निघायला हवं.

टंच काढायचं यंत्र घ्यायचं असेल तर त्याच यंत्राच्या नजरगहाणावर वेगळं कर्ज मागा. यंत्र तुमच्याच दुकानात राहतं, बँकेचा हक्क कागदावर राहतो. यंत्राचं बिल, विमा आणि हप्ता एवढं साधं प्रकरण असल्यानं परमुलखातल्या माणसाला हे कर्ज लवकर मिळतं, आणि पहिली पत इथंच तयार होते.

कच्च्या मालासाठी म्हणजे सोनं-चांदी घेण्यासाठी कर्ज मागताना मात्र शब्द जपून वापरा. सोनं विकत घ्यायला बँकांनी कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. दागिने घडवणाऱ्या सराफांना खेळत्या भांडवलाची सूट आधीपासून होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून ती सूट सोनं किंवा चांदी कच्चा माल म्हणून वापरून उत्पादन वा प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत वाढवली आहे. गलाईचा धंदा म्हणजे मोड घेऊन, गाळून, शुद्ध करून देणं. ही प्रक्रियाच आहे, पण तुमच्या उद्यम दाखल्यावर आणि जीएसटीच्या नोंदीवर 'सोन्याचा व्यापार' एवढंच लिहिलेलं असेल, तर अधिकारी तुम्हाला नुसता व्यापारी समजून परत पाठवेल. दोन्हीकडं शुद्धीकरणाचं काम स्पष्ट नोंदवा. प्रकल्प अहवालातही महिन्याला किती माल गाळला, त्यातला मजुरीचा किती आणि स्वतः घेतलेला किती, हे वेगवेगळं दाखवा.

सोनेतारणाबद्दल गलाईवाल्याला कोण शिकवणार, असं वाटेल. पण इथंच घोटाळे होतात. दुकानातली लगड तारण ठेवता येत नाही. कर्ज मिळतं दागिन्यांवर आणि ठराविक मर्यादेत नाण्यांवर. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नियमांत घरगुती गरजेसाठी घेतलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढं ७५ टक्के अशी वरची मर्यादा आहे. चांदीचे दागिनेही आता चालतात. एका माणसाला सोन्याचे दागिने १ किलोपर्यंत, चांदीचे १० किलोपर्यंत. कर्ज फिटल्यावर सात कामाच्या दिवसांत दागिने परत मिळाले नाहीत, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. हे सगळं ठीक. पण सोनेतारण हे थोड्या मुदतीचं कर्ज आहे. घरातल्या बायकांचे दागिने ठेवून दुकानाचं डिपॉझिट भरू नका, कारण तो पैसा वर्षभरात परत फिरत नाही. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर महिना-दोन महिने माल वाढवायचा असेल, तरच या वाटेनं जा.

आणि जमीन? गावाकडं चार एकर आहे, टेंभू योजनेचं पाणी आलं, किंमत वाढली, मग बँक ती का घेत नाही, हा प्रश्न नेहमी येतो. कारण सरळ आहे. ज्या सरफेसी कायद्यानं बँका थकीत कर्जाचं तारण कोर्टाबाहेर विकू शकतात, तो शेतजमिनीला लागू नाही. शिवाय त्रिचूरच्या शाखेला खानापूरची जमीन बघायची सोय नसते. गावठाणातलं घर किंवा बिगरशेती प्लॉट असेल तर गोष्ट वेगळी. ज्या बँकेची शाखा दुकानाच्या गावातही आहे आणि विट्यातही आहे, तीच निवडा. मूल्यांकन आणि गहाणाची नोंद विट्याच्या शाखेमार्फत होऊ शकते. शेतीच्या नावावर पीककर्ज काढून दुकानात घालणं मात्र सोडा. ते कर्ज पिकासाठी आहे, आणि ते थकलं तर बोजा म्हाताऱ्या वडिलांच्या सातबाऱ्यावर चढतो.

गावच्या पतसंस्थेचं काय? ओळखीचा संचालक आहे, फोनवर काम होतं, हे खरं. पण पतसंस्थेला कार्यक्षेत्र असतं, आणि त्याबाहेरच्या दुकानासाठी कर्ज देताना ती दुकान कागदावर दाखवत नाही. घरबांधणी नाहीतर किरकोळ व्यापार असं काहीतरी लिहिलं जातं. अशा कर्जाचा तुमच्या दुकानाच्या पतीला उपयोग नाही. पैसे ठेवतानाही लक्षात असू द्या : बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, मग तिच्या नावात 'मल्टिस्टेट' असो वा नसो.

राज्याच्या योजनांबद्दल थोडक्यात. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना चांगली आहे, १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळतं, पण धंदा महाराष्ट्रात हवा. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचंही तेच. केरळात दुकान आणि अनुदान सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रातून, असं होत नाही. जो हे करून देतो म्हणतो तो तुमच्याकडून खोटा पत्ता लिहून घेणार आहे. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सोनार आहे, गलाई असा वेगळा उल्लेख नाही. दागिने घडवत नसाल तर तिथं सोनार म्हणून नाव घालू नका.

त्या त्या राज्यातल्या सोयींकडं आपले लोक बघतच नाहीत. केरळात केएसएफई ही राज्य सरकारची कंपनी १९६९ पासून चिट्टी चालवते, म्हणजे सरकारी भिशीच. कायद्याच्या चौकटीतली, हिशेब असलेली. मात्र चिट्टी लागल्यावर रक्कम उचलायला तारण किंवा जामीन द्यावा लागतो, हे आधी विचारून घ्या. ठेवपावती किंवा दागिने चालतात, त्यामुळं तिथं जमीन नसली तरी मार्ग निघतो. आपसातल्या नोंद नसलेल्या भिशीत लाखांनी पैसे लावणाऱ्यांनी निदान हा पर्याय बघावा.

आता नात्यातला पैसा, ज्यावर हा धंदा अजूनही बराचसा उभा आहे. तो घ्या, पण खात्यावर घ्या. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम उसनी म्हणून रोखीनं घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. फेडतानाही तीच मर्यादा. चुलत्यानं तीन लाख दिले तर मुद्दल, व्याज असेल तर व्याज आणि फेडीची तारीख लिहिलेली चिठ्ठी करा, दोघांच्या सह्या घ्या. उसन्या पैशाची मुदत साधारण तीन वर्षांची असते, म्हणून ती उलटण्याआधी 'इतके बाकी आहेत' असं पुन्हा लिहून सही करा. चुलत्याला वाईट वाटेल? वाटू द्या. तोंडी व्यवहार दोन भावांत निभावतो, त्यांच्या मुलांत निभावत नाही. भागीतल्या दुकानांची भांडणं बघा. एकानं पैसे घातले, दुसऱ्यानं वीस वर्षं भट्टी सांभाळली आणि कागद कुणाकडंच नाही. भागी असेल तर करारपत्र करून पेढीची नोंदणी करा. नोंद नसलेली पेढी येणं वसूल करायला कोर्टातसुद्धा जाऊ शकत नाही.

सावकाराची गोष्ट आकड्यांतच बघावी. पाच लाख रुपये महिना शेकडा तीननं घेतले तर महिन्याला १५ हजार नुसतं व्याज जातं, मुद्दल जिथल्या तिथं. तेच पाच लाख बँकेकडून समजा ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण १० हजार ८७० रुपये बसतो आणि पाच वर्षांनी कर्ज संपलेलं असतं. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराचे दर वर्षाला ठरवून दिलेले आहेत, शेतकरी नसलेल्याला तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. तामिळनाडूत 'कंदुवट्टी' म्हणतात त्या जबर व्याजाविरुद्ध २००३ चा कायदा आहे. मोबाइलवरच्या झटपट कर्जाचंही असंच बघा : कुठलंही कर्ज घेताना एकूण खर्चाचा वार्षिक टक्का दाखवणारा तक्ता मागा. तो देणं ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. तक्ता न देणाऱ्याकडून कर्ज नको. आणि गावाकडं राहिलेल्या बायकोच्या नावावर बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज काढून ते दुकानात घालू नका. वसुलीला दर आठवड्याला माणूस तिच्या दारात येतो, तुमच्या दुकानात नाही.

काही घरांतला एखादा भाऊ आखातात असतो. तो तात्पुरत्या व्हिसावर असला तरी नोकरीसाठी गेलेला म्हणून त्याचं इथलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. सख्ख्या भावाला खात्यावरून दिलेली भेट करमुक्त असते, म्हणून 'भेट' की 'उसने' हे पाठवतानाच ठरवून लिहून ठेवा. नंतर ठरवायला गेलात तर आयकर खातं ठरवतं.

धंद्यातला एक धोका कर्जाशी थेट जोडलेला आहे. चोरीचा माल घेतल्याच्या संशयावरून पोलिस दुकानात येणं आपल्या लोकांना नवीन नाही. अशा वेळी माल जप्त होतो, खातं गोठतं आणि नेमका त्याच महिन्याचा हप्ता चुकतो. मोड आणणाऱ्याचं ओळखपत्र, फोटो, वजन, टंच आणि दिलेली रक्कम यांची रोजची वही ठेवा. अनोळखी माणसाचा माल, कितीही स्वस्त मिळाला तरी, परत पाठवा. तीन हप्त्यांइतकी रक्कम दुकानाच्या खात्याऐवजी दुसऱ्या बँकेत वेगळी ठेवा.

अर्जाच्या दिवशी फाईलमध्ये हे असू द्या : पॅन, आधार, उद्यम दाखला, जीएसटीची वर्षभराची विवरणपत्रं, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बारा महिन्यांचा खातेउतारा, नोंदवलेला भाडेकरार, प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र, आणि तुमच्याकडं नियमित काम देणाऱ्या दोन स्थानिक सराफांची पत्रं. पतअहवाल प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो अर्जाच्या दोन-तीन महिने आधी बघून घ्या. कुणाचे तरी जामीन राहिलेले असाल आणि ते विसरला असाल, तर ते तिथं सापडतं.

तरीही नकार आला तर तोंडी ऐकून माघारी फिरू नका. अर्जाची पोच घ्या, नकाराचं कारण लेखी मागा. लहान उद्योगाच्या २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर चौदा कामाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. उत्तर आलं नाही तर आधी बँकेकडं तक्रार करा, आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. तिथं फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि तक्रार मराठीतही करता येते.